बोट पावसाळ्यात झाकताना आणि पुन्हा पाण्यात उतरवताना

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे बोटी वर ओढायचा आठवडा. जलक्रीडा आणि पर्यटकांच्या फेऱ्या तेव्हापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे आउटबोर्ड, बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, वर्षातले तीन महिने सलग उभं राहतं, आणि तेही कोकणातल्या पावसात, अंगभर मीठ घेऊन. इतक्या वर्षांच्या कामातून आमचं ठाम मत झालंय: इंजिन मोसमात चालून जेवढं खराब होतं त्याहून जास्त या तीन महिन्यांत उभं राहून खराब होतं. इंजिनाच्या खालच्या टोकाच्या गिअर केसमध्ये शिरलेलं चमचाभर पाणी, कार्बोरेटरच्या तळाशी राहिलेलं पेट्रोल, स्टिअरिंगच्या नळीतली खारी ओल, हे सगळं मे महिन्यात दहा मिनिटांचं काम असतं. ऑगस्टमध्ये त्याचाच सुट्या भागांचा खर्च झालेला असतो. ‘नारळी पौर्णिमेच्या तोंडावर बघू’ असं म्हणू नये. बोट वर आली की त्याच आठवड्यात सगळं उरकावं.

पुढचं सगळं २० ते २२ फुटी फायबर बोट आणि ४० ते ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड धरून लिहिलं आहे. लहान-मोठ्या इंजिनात मापं बदलतात, क्रम तोच.

सुरुवात पेट्रोलपासून, आणि तीही बोट पाण्यात असतानाच. शेवटच्या आठवड्यात टाकी भरायची नाही, आहे ते वापरून संपवायचं. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओढता ओढता एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं पडतं आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतं. इंजिनाची नळी नेमकी तिथूनच ओढते. शंका असेल तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावं. मध्ये स्वच्छ रेघ दिसली की ते पेट्रोल गेलं. हलवून पुन्हा एक होत नाही, नवं पेट्रोल ओतूनही सुधारत नाही. चांगलं उरलेलं पेट्रोल मोटारसायकलमध्ये घालून संपवावं. टाकी रिकामी करून, पुसून, कोरडी करून झाकण लावावं.

कार्बोरेटरचं इंजिन असेल तर प्रत्येक बाउलच्या तळाचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काढून टाकायचं. नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं तरी बाउलमध्ये थोडं राहतंच, आणि तेच सुकून जेटमध्ये राळेसारखं चिकटतं. ईएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक फवाऱ्याने पेट्रोल देणाऱ्या) इंजिनाला मात्र पेट्रोल संपवून बंद पाडू नये. त्याचा दाबाचा पंप पेट्रोलवरच थंड राहतो, कोरडा चालला की जळतो. तिथे शेवटच्या टाकीत पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं चालवणं बरं. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर याच वेळी बदलावा. जुना फिल्टर फेकण्याआधी त्यातलं पेट्रोल बरणीत ओतून बघावं. वर्षभर टाकीत काय चाललं होतं ते त्यात दिसतं.

मग गोड्या पाण्याने आतून धुणं. हे काम रोज संध्याकाळी व्हायलाच हवं, पण या शेवटच्या वेळी जरा जास्त वेळ द्यावा. गिअर केसवर जिथून पाणी आत जातं त्या जाळीवर दोन रबरी कानटोप्या लावून बागेची नळी जोडायची, पंखा (प्रोपेलर) काढून ठेवायचा, गिअर न्यूट्रल, आणि आधी नळ, मग इंजिन. बंद करताना उलट, आधी इंजिन, मग नळ. पाण्याविना चालवणं म्हणजे आतला रबरी इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपाचं पातीवालं चाक, जाळणं. त्याला वंगण पाण्याचंच असतं, त्यामुळे काही सेकंदही पुरतात. पाच मिनिटं चालवून बंद करणारे पुष्कळ असतात आणि तिथेच चूक होते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी पाण्याची झडप) बंद असतो, पाणी बाहेरच्या वाटेने निघून जातं आणि सिलिंडरभोवतीचं मीठ जागेवरच राहतं. हेड हाताला चांगलं गरम लागेपर्यंत आणि त्यानंतर आणखी दहा मिनिटं सगळ्यात कमी गतीवर चालवावं. ज्या इंजिनाला नळी जोडायची वेगळी जागा दिलेली असते तिथे नियम वेगळा. बहुतेकांत ती इंजिन बंद ठेवून वापरायची असते, पुस्तिका बघूनच.

इंजिन गरम आहे तोवर इंजिन ऑइल काढून घ्यावं, गरम ऑइल गाळासकट येतं. ऑइल आणि फिल्टर १०० तासांनी किंवा वर्षाला, यातलं जे आधी होईल तेव्हा. मोटारीचं ऑइल घालू नये. आउटबोर्डच्या ऑइलच्या डब्यावर एफसी-डब्ल्यू असा शिक्का असतो, त्यात गंज रोखणारी द्रव्यं जास्त असतात.

त्यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइलचा (आतून गंज रोखणाऱ्या तेलाचा) फवारा किंवा छोटा चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल. किल स्विचची (दोरी सुटताच इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) लाल दोरी काढून ठेवायची आणि फ्लायव्हील हाताने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीन-चार वेळा फिरवायचं, म्हणजे ऑइल भिंतींना लागतं. उलट फिरवू नये, खाली इम्पेलरची पाती उलटी मुडपतात. प्लग हाताने बसवून मग पान्याने घट्ट करावेत. सुरुवातीपासून पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे तिरके बसतात आणि हेडचं काम निघतं.

आता गिअर ऑइल. आमच्या दृष्टीने अख्ख्या कामात सगळ्यात महत्त्वाचं हेच. गिअर केसला दोन मोठे स्क्रू असतात, एक तळाशी, एक वर प्लेटखाली. इंजिन सरळ उभं ठेवून आधी तळाचा काढायचा आणि खाली स्वच्छ पांढरी बरणी धरायची. पहिल्या धारेकडे नीट बघावं. रात्रभर उभं असलेल्या इंजिनात पाणी असेल तर तेच आधी येतं, ऑइलपेक्षा जड असतं म्हणून. मग वरचा स्क्रू काढला की बाकीचं ऑइल वाहतं. काळपट-हिरवट पण पारदर्शक असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं असेल तर पाणी मिसळलंय. तळाच्या स्क्रूला लोहचुंबक असतो, त्यावर करडी पेस्ट चालते, पण चिमटीत टोचणारे तुकडे आले की गिअरचे दात किंवा क्लच डॉग (गिअर अडकवणारा दातेरी तुकडा) तुटतोय.

पाणी शिरायची वाट दहातल्या बहुतेक वेळा एकच असते: तंगूस. खाडीत, जेटीजवळ, गळाच्या या नायलॉन दोऱ्याचे तुटलेले तुकडे तरंगत असतात. पंखा ते गुंडाळून घेतो, धागा शाफ्टवरून मागे सरकत जाड वायसरच्या मागे जातो, गरम होतो आणि ऑइल सीलची कड कापतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पंखा काढल्यावर वायसरही काढायचा, टोकदार चिमट्याने सीलच्या तोंडाशी चाचपायचं. केसासारखं काही हाताला लागलं तर न ओढता हलक्या हाताने उलट फिरवून सोडवायचं. पंखा मोसमात दर पंधरा दिवसांनी काढून बघितला तर सील वाचतं.

ऑइल भरायचं ते खालून वर. तळाच्या भोकाला पंपाची नळी लावून हळूहळू दाबत राहायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल आलं की थांबायचं, आधी वरचा स्क्रू लावायचा, मग नळी काढून झटकन तळाचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि भरलंय असं वाटूनही निम्मं रिकामं राहतं. या आकाराच्या इंजिनात साधारण अर्धा लिटर लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. दोन्ही स्क्रूंचे वायसर नवे घालावेत. जुन्या दबलेल्या वायसरमधूनही पाणी आत येतं आणि लोक सील बदलत बसतात.

इम्पेलर आमच्याकडे दर वर्षी बदलतो. समुद्राच्या स्वच्छ पाण्यात कदाचित दोन मोसम चालेल, पण कर्लीच्या खाडीत वाळू आणि गाळ इतका की पात्यांच्या कडा एका वर्षात झिजतात. त्यासाठी खालचा अख्खा गिअर केस उतरवावा लागतो. आधी पंख्यावरच्या प्लेटखालचं छोटं सुकाणूसारखं ॲनोडचं (स्वतः खाल्ला जाऊन बाकीचा धातू वाचवणाऱ्या तुकड्याचं) पातं कुठल्या कोनात आहे त्यावर खूण करून घ्यावी, नाहीतर नंतर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. काही इंजिनांत त्या पात्याच्या मागे एक बोल्ट लपलेला असतो. बाकीचे सगळे सोडवून केस निघत नाही म्हणून हातोडी मारण्याआधी तो शोधावा. गिअरचा दांडा सोडवायलाही विसरू नये.

पंपाचं झाकण उघडल्यावर पाती मोजायची. एखादं तुटलेलं असेल तर तुकडा सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. तो वर तांब्याच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी अडकलेला असतो, आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं ते त्याच्यामुळे. खालची स्टीलची पट्टी नखाला खाच लागेल इतकी ओरबाडली असेल तर तीही बदलावी. नवा इम्पेलर बसवताना झाकणाला आतून साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावून शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत झाकण खाली दाबायचं, म्हणजे सगळी पाती एकाच बाजूला वळतात. इम्पेलर शाफ्टला अडकवणारी आतली छोटी चावी घसरून पडलेली नाही ना, हे झाकण लावण्याआधी बघायचं. केस परत चढवताना शाफ्टच्या खाचांना ग्रीस कडेने लावावं, माथ्यावर नाही. माथ्यावरचं ग्रीस वर दाबलं जाऊन शाफ्ट पूर्ण बसू देत नाही. तांब्याची नळी रबरी तोंडात बरोबर गेली का, हे वाकून, बॅटरी मारून बघावं.

ॲनोडबद्दल एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. मोसमाअखेर ॲनोड खाऊन निम्मा झालेला असेल तर त्याने काम केलंय, बदलून टाकावा. पण जसाच्या तसा असेल तर ती काळजीची खूण आहे. कुणीतरी त्यावर रंग मारलाय किंवा बोल्टखाली गंज बसून संपर्क तुटलाय, आणि त्याच्याऐवजी गिअर केस खाल्ला जातोय. बोट खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात जास्त उभी असेल तर झिंकपेक्षा ॲल्युमिनियमचा ॲनोड चांगला चालतो.

स्टिअरिंग जाम होणं हा पावसाळ्यातला हमखास बिघाड. ग्रीस तर सगळेच मारतात, पण कसं मारतात ते महत्त्वाचं. केबलचा स्टीलचा दांडा बाहेर असताना नळीत ग्रीस भरलं की ते पुढे कोंडतं आणि दांडा आत सरकतच नाही. त्यामुळे चाक फिरवून दांडा पूर्ण आत घ्यायचा, मग ग्रीस गनचे दोन-तीन दाब, मग चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचं. बाहेर दिसणाऱ्या दांड्यावरचं जुनं काळं, वाळू मिसळलेलं ग्रीस आधी पुसून काढावं, नाहीतर तेच पॉलिश पेपरचं काम करतं. इंजिनाच्या बिजागरीच्या निपलमध्ये मात्र जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारत राहावं.

बॅटरी काढून घरात न्यावी. आधी निगेटिव्ह वायर. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. महिन्याला एकदा चार्ज, आणि १२.४ च्या खाली जाऊ द्यायची नाही.

बोट ठेवायची कशी, यात आळस करू नये. तळाचं बूच काढून, ते स्टिअरिंगच्या चाकाला दोरीने बांधून ठेवायचं. सप्टेंबरमध्ये घाईत कुणी बुचाशिवाय बोट लोटू नये म्हणून ही सवय. नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर, मागची बाजू खाली, म्हणजे पाणी आपोआप निघतं. ताडपत्री मध्ये बांबू घालून उतरती बांधावी. हिशेब करून बघा: बोटीची उघडी जागा १० चौरस मीटर धरली आणि दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे जुलैत काही विशेष नाही, तर आत एक टन पाणी साठतं. बूच पाल्याने तुंबलेलं असेल तर ठोकळ्यांवर बसलेली फायबर बोट त्या वजनाने तळाशी तडकते. माडाखाली ठेवू नये, हे सांगायला नको, पण सावलीसाठी लोक ठेवतातच. इंजिन सरळ उभं ठेवावं, वर उचलून नाही. तिरक्या इंजिनात पंख्याच्या पोकळीतून पावसाचं पाणी साठतं. आडवं काढून ठेवायची वेळ आली तर डोक्याची बाजू वर आणि पंख्याची बाजू खाली, नाहीतर उरलेलं पाणी सिलिंडरकडे उतरतं.

इंजिनाचं झाकण हवाबंद गुंडाळू नये, आत घाम धरतो. पण भोकं झाकावीत. उंदीर पेट्रोलच्या नळ्या कुरतडतात आणि कुंभारीण माशी जिथे धारेचं पाणी बाहेर पडतं त्या भोकात मातीचं घर बांधते. टाकीच्या हवेच्या भोकातही बांधते.

जून-जुलैत महिन्यातून एकदा जाऊन चाक दोन्हीकडे फिरवणं, ताडपत्री ताणणं, बुचाचं भोक काडीने साफ करणं, एवढंच.

ऑगस्टअखेर काम उलटं. बॅटरी लावताना आधी पॉझिटिव्ह. नवं पेट्रोल, टाकीचा हवेचा स्क्रू उघडा, पेट्रोलच्या नळीतल्या रबरी बल्बवरचा बाण इंजिनाकडे आणि बाणाचं टोक वर धरून घट्ट लागेपर्यंत दाबायचा. कानटोप्या आणि नळ लावून इंजिन सुरू केलं की पहिली काही मिनिटं निळसर धूर येतो. ते फॉगिंगचं ऑइल जळतंय, घाबरू नये. मागची पाण्याची धार मिनिटाभरात आली पाहिजे. आली नाही तर इंजिन बंद करून आधी भोकात जाड तंगूस घालून माती काढावी, लगेच पंप उघडू नये.

चालता चालता दहा मिनिटांनी इंजिन दम सोडत असेल तर बल्ब हातात घेऊन बघा. चपटा पडलेला असेल तर टाकीला हवा मिळत नाही, स्क्रू बंद आहे किंवा माशीने घर केलंय. फुगलेला पण मऊ असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय, जोडाचे रबरी वायसर बदलावेत.

पहिली फेरी गिऱ्हाइकांशिवाय काढावी. पावसाळ्यात कर्लीच्या मुखाशी वाळूचे दांडे जागा बदलतात, मे महिन्यातली वाट सप्टेंबरमध्ये धरता येत नाही. भरतीच्या उत्तरार्धात जावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे मिळते, चतुर्थीला तीनच्या सुमारास. सुकतीला (ओहोटीला) बाहेर पडणारं पाणी आणि समोरून येणारी लाट भिडली की लाट आणखी खडी उभी होते आणि फुटते, म्हणून मुखातून सुकतीला जायचं नाही. आत येताना लाटेच्या पाठीवर राहायचं, शेंडा ओलांडून पुढे घुसलं की नाळ खाली रुतते आणि बोट आडवी होते. त्या वेळी इंजिनाचा ट्रिम (बोटीशी असलेला तिरपा कोन) थोडा बाहेर, माणसं खाली आणि मागे बसलेली, किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला.

मोकळ्या पाण्यात सुटताना ट्रिम पूर्ण आत, बोट उचलली की थोडा थोडा बाहेर. नाळ वरखाली नाचायला लागली की एक टप्पा आत घ्यावा. वेग न वाढता फक्त इंजिन ओरडत असेल तर पंख्यातलं रबर सुटलंय किंवा तळावर बार्नॅकल्स राहिलेत.

गिअर हळूच, चाचपत टाकू नये. थ्रॉटल पूर्ण खाली, मग एका झटक्यात खट्‌कन. अर्धवट टाकलेला गिअर डॉगच्या कडा खातो. पुढच्यातून मागच्यात जाताना न्यूट्रलला दोन सेकंद थांबावं. जेटीला वारा किंवा पाणी ज्या बाजूने येतं त्याच्या तोंडावर यावं. उजवीकडे फिरणारा पंखा रिव्हर्सला मागची बाजू डावीकडे खेचतो, त्यामुळे शक्य तेव्हा डावी बाजू जेटीला लावली की शेवटचा हात इंजिनच देतं. चालू इंजिनात बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नये, चार्जिंगचा रेग्युलेटर जातो.

पहिले दहा तास झाले की बोट रात्रभर इंजिन सरळ ठेवून उभी करावी आणि सकाळी सुरू करण्याआधी गिअर केसचा तळाचा स्क्रू अर्धी फेरी ढिला करावा, वरच्याला हात न लावता. बोटावर दोन थेंब घ्यावेत. ऑइल आलं तर स्क्रू घट्ट करून फेरीला निघावं. पाणी आलं तर त्या दिवशीच्या फेऱ्या रद्द, आणि सील त्याच दिवशी.